खिडकीजवळच्या मुलीचे सेकंद

चोवीस टोप्या, चोवीस टॉवेल आणि तेवीस जोड चपला. मावशींनी पुन्हा मोजलं. चपला तेवीसच. पोहण्याच्या तलावातली डोकी मात्र चोवीस होती. अनवाणी कोण आलं, हे त्यांनी विचारलंही नाही. चिमणीच्या चपला बसमध्ये राहिल्या होत्या आणि त्या कधी काढल्या, ते तिला आठवत नव्हतं.

सतरा वर्षं मावशी शाळेत वर्गाच्या मदतनीस होत्या. नाकं पुसायची, डबे उघडायचे आणि बाई फळ्याकडे वळल्या की मुलांकडे बघायचं. बघता बघताच त्यांना हे दिसलं होतं. खिडकीजवळ बसणारी चिमणी बोलताना मध्येच थांबे, पापण्या फडफडत. मग जणू काही झालंच नाही, अशी ती पुढचा शब्द बोले. मावशी मनगटावरच्या घड्याळात बघून वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहीत. पहिल्या महिन्यात चार सेकंद. दुसऱ्यात सात. गेल्या आठवड्यात अकरा, तेही दिवसातून सहा वेळा. आज सकाळपासून त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती.

"बाई, चिमणीला आज काठावर बसू द्या ना."

"परत तेच? अहो मावशी, तंद्री लागते तिला. माझा धाकटा अस्साच होता, आता मेला एका जागी ठरत नाही!" बाई हसल्या. मनाने त्या वाईट नव्हत्या. "तिच्या आईला काही बोलला नाहीत ना? पालकांशी मी बोलायचं, असं ठरलंय आपलं."

"नाही बोलले."

"मग झालं तर. आजारपण डॉक्टर बघतील. तुम्ही टॉवेल बघा."

पोहण्याच्या सरांनी शिट्टी वाजवली. मुलं काठाचा दांडा धरून पाय मारू लागली. पाणी चिमणीच्या छातीपर्यंत होतं. सर दुसऱ्या टोकाला एका रडक्याची समजूत काढत होते.

"मावशी, बघा, मी मासोळी..."

हात दांड्यावरून सुटला. पिवळी टोपी आवाज न करता पाण्याखाली गेली.

मावशी नेसत्या कपड्यांनिशी उतरल्या. त्यांनी चिमणीला उचललं, तिची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकवली आणि सवयीने मनगट डोळ्यांसमोर धरलं.

"मावशी कपड्यांसकट पोहतायत!" पोरं खिदळली.

"अहो, हे काय मावशी..." बाई काठाशी आल्या आणि खाली वाकल्या. चिमणीचे डोळे उघडे होते. पापण्या फडफडत होत्या. बाईंनी तिला हाक मारली. परत मारली. मग त्याही सेकंदकाट्याकडे बघू लागल्या.

चिमणी खोकली. नाकातोंडातून पाणी बाहेर आलं.

"...झाले," ती म्हणाली.

बाई ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या.

"किती?"

"एकोणीस सेकंद."