भट्टीमातीतली मुळं

"दोनच शब्द आहेत," आर्विल म्हणाला. "'चुकलं माझं.' एवढं म्हणायचं आणि खाली बसायचं. तोंड झिजणार आहे का तुझं?"

डेल्फियाने पिकअप ट्रक वळणावर घातला. "आणि सोमवारी पोरांना काय सांगू? शनिवारी चर्चमध्ये खोटं बोलून आले, आता पुस्तक उघडा?"

"पोरं ऐकतात कुठे तुझं!"

"ऐकली म्हणून तर हे सगळं झालं ना, बाबा."

आर्विलने काच खाली केली. तो खिडकीबाहेर बघत बसला. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि गळ्यापर्यंत बटणं लावली होती. बायको, ओमा, असती तर वरचं बटण सोडायला लावलं असतं. ओमा जाऊन चार वर्षं झाली होती. टेकडीवर तिच्या थडग्याच्या दगडावर शेजारी त्याचंही नाव कोरून ठेवलेलं होतं, जन्माचं साल घालून, पुढची जागा मोकळी. त्या टेकडीवर चर्चच्या मंडळीचा सभासद म्हणून मरणाऱ्यालाच पुरत. आर्विलला त्याची कधी काळजी वाटली नव्हती. एकवीस वर्षं तो तिथे डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, होता.

डेल्फिया सरकारी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायची. मार्चमध्ये तिने वर्गात सांगितलं की माणूस आणि वानर यांचे पूर्वज एकच. वर्गात लँडन फ्युगेटची मुलगी होती. लँडन टायरचं दुकान चालवायचा आणि रविवारी उपदेश करायचा. मुलीने घरी जाऊन विचारलं, मग आदाम कोण होता? झालं. लँडनने मंडळीपुढे तक्रार घातली. आज डेल्फियाने क्षमा मागितली तर मंडळीच्या वहीत तिचं नाव राहणार होतं, नाही तर निघणार होतं.

नाव काढायचं ते मात्र एकमताने, असा त्या चर्चचा जुना नियम. ज्यांना मान्य असेल त्यांनी उभं राहायचं. एखादा बसूनच राहिला तर सभा चालवणारा मॉडरेटर त्याला तीनदा विचारणार. तिसऱ्यांदाही तो बसलेलाच असला तर त्याचंही नाव काढायचं, मग एकमत होतंच. हा नियम ज्याने केला त्याने शांततेचा फारच सोपा उपाय शोधला होता.

"माकडाचं मलाही पटत नाही," ट्रक थांबल्यावर आर्विल म्हणाला. "सांगून ठेवतो. मी काही तुझ्या बाजूने बोलणार नाही."

"नका बोलू. फक्त जेवायला माझ्याकडे या, काहीही झालं तरी. बीन्स शिजवून ठेवल्यात."

चर्चमध्ये चाळीसेक माणसं होती. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. समोरच्या टेबलाशी मॉडरेटर ऑर्बी कोडेल वही उघडून बसला होता. ऑर्बीने आर्विलबरोबर एकाच पाळीत बावीस वर्षं कोळसा काढला होता. दोघांचे गुडघे एकाच खाणीने खाल्ले होते. आज मात्र त्याने आर्विलकडे बघितलं नाही.

प्रार्थना झाली. ऑर्बीने नेहमीचा प्रश्न विचारला, "मंडळीत शांती आहे का?"

"नाही," लँडन उठला. "भगिनी डेल्फिया पवित्र शास्त्राविरुद्ध शिकवते. आमच्याच लेकरांना."

"भगिनी, काय म्हणणं आहे?"

डेल्फिया उभी राहिली. आर्विल मनात म्हणत होता, म्हण गं बाई, दोन शब्द म्हण.

"देवाने जग केलं नाही असं मी कधीच शिकवलं नाही," ती म्हणाली. "कसं केलं आणि किती काळ घेतला, ते शिकवते. व्हेल माशाच्या अंगात मागच्या पायांची हाडं असतात, छोटी छोटी. पाय तर नाहीत. मग ती हाडं आली कुठून? त्याचे पूर्वज जमिनीवर चालायचे म्हणून. अशी हाडं दगडात क्रमाने सापडतात, मोठ्या पायांपासून लहान पायांपर्यंत. हे मी रचलेलं नाही. देवाच्याच जगात सापडलंय."

"शास्त्रात सहा दिवस लिहिलंय, भगिनी."

"सूर्य चौथ्या दिवशी केला असंही लिहिलंय. पहिले तीन दिवस कशाने मोजले, बंधू लँडन?"

मागून कोणी तरी हसलं आणि लगेच खोकलं. लँडन लाल झाला, पण तो काही मूर्ख नव्हता. त्याचा आवाज उलट खाली आला.

"बरं, मी एक विचारतो. तुमच्या त्या लाखो वर्षांत जनावरं मरत होती ना? एकमेकांना खात होती?"

"हो."

"म्हणजे आदामाने पाप करायच्या आधीच मरण होतं. मग मरण ही पापाची शिक्षा नाही. आणि ती शिक्षा नसेल तर माझा प्रभू क्रुसावर कशासाठी मेला, ते मला सांगा. मला व्हेल नको. हे सांगा."

प्रश्न खरा होता, हे आर्विललाही कळलं. ओमाला शेवटचा श्वास जड जात असताना त्याने त्याच क्रुसाला धरून ठेवलं होतं.

"मला ते पूर्ण उलगडलेलं नाही," डेल्फिया म्हणाली. "मी रोज त्याची प्रार्थना करते आणि रोज त्यावर विचार करते. पण उत्तर येत नाही म्हणून मी हाडं नाहीत असं म्हणू शकत नाही."

"उत्तर येत नाही!" लँडन मंडळीकडे वळला. "आणि पुरावाच हवा असेल तर आपल्याच डोंगरात आहे." त्याने गुंडाळी उलगडून एक मोठा फोटो वर धरला. खडकात उभं असलेलं झाडाचं खोड, दगड झालेलं, आजूबाजूला थरावर थर. "झाड लाखो वर्षं उभं राहील का, चिखल चढायची वाट बघत? कुजून जाईल. हे थर झपाट्याने चढले. जलप्रलयात. बंधू आर्विल, तुम्ही खाणीत छताला आधाराचे बोल्ट मारायचात. अशी झाडं बघितलीत ना?"

खाणीत अशा खोडाला सगळे किटलीचं बूड म्हणत. खालून बघितलं तर छतात फक्त एक गोल डाग दिसायचा. वर अख्खं खोड उभं असायचं, दोनशे-तीनशे किलोचं, गुळगुळीत, कशालाही न धरलेलं. कधी तरी ते नुसतं खाली यायचं. सत्याऐंशी साली त्याच्या धाकट्या भावावर, व्हर्लिनवर आलं. त्या सकाळी लोखंडी दांड्याने छत ठोकून आवाज ऐकणारा आर्विलच होता. त्याला आवाज भरीव, म्हणजे छत पक्कं असल्याचा, वाटला होता.

"बघितलीत," तो उठून म्हणाला.

"व्हर्लिन त्यानेच गेला, सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणतो, तो दगडसुद्धा देवाची साक्षच देत होता. जलप्रलयाची."

आर्विलला इतका राग आला की कानात घुमायला लागलं. व्हर्लिन सव्वीस वर्षांचा होता. तो लँडनच्या साक्षीसाठी मेला नव्हता, आर्विलच्या चुकलेल्या कानामुळे मेला होता.

"म्हणजे थर झपाट्याने चढले, हे तुम्हाला मान्य?" लँडनने विचारलं.

"त्या झाडाभोवतीचे चढले असणार. नाही तर ते उभं राहिलं नसतं."

"बस! एवढंच हवं होतं." लँडन फोटो गुंडाळू लागला. ऑर्बीने पेन उचललं. आर्विलने आता फक्त खाली बसायचं होतं.

तो बसला नाही. "छताचं विचारलंस. खालचं नाही विचारलंस."

"खालचं काय?"

"कोळशाच्या खाली भट्टीमाती असते, भट्टीच्या विटा करतात ती. त्या मातीत मुळं असतात. जाड, काळी, आणि त्यांना फुटलेली केसाएवढी बारीक, सरळ खाली उतरलेली. म्हणजे झाड तिथेच उगवलं, तिथेच वाढलं. वाहून आलेलं झाड आडवं पडतं, मुळं रोवत बसत नाही. मी याच डोंगरात तीन थरांत काम केलं, एकाखाली एक. तिन्हींच्या खाली भट्टीमाती. तिन्हींत मुळं." त्याने तीन बोटं वर केली. "जंगल वाढलं, बुडलं, त्यावर चिखल बसला, त्यावर पुन्हा जंगल वाढलं, पुन्हा बुडलं. प्रलय तर एकच वर्षाचा ना? मग मधली जंगलं कधी वाढली? मला नाही माहीत. माकडाचंही माहीत नाही. मी बघितलं ते सांगतोय."

"म्हणजे शास्त्र खोटं?"

"तू मला साक्षीला उठवलंस, पोरा. अर्धी साक्ष देऊन कसा बसू?" तो टेबलाकडे वळला. "ऑर्बी, सांग की. छत ठेंगणं पडायचं तेव्हा उंचीसाठी खालची ती माती उपसायला माझ्याबरोबर कोण होतं? कितीदा फावडं मारलंस त्या मुळांत?"

ऑर्बीने वहीची कड नखाने सरळ केली. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने एक शब्द उच्चारला असता तरी चर्चमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या असत्या, कारण निम्म्यांनी तीच माती उपसली होती.

"मॉडरेटर साक्ष देत नाही," ऑर्बी म्हणाला. "भगिनी डेल्फिया, क्षमा मागता?"

"नाही."

"मग ज्यांना नाव काढणं मान्य आहे त्यांनी उभं राहावं. बंधू आर्विल, तुम्ही आधी खाली बसा, म्हणजे कळेल."

आर्विल बसला. लँडन उठला, मग त्याच्या मागची रांग, मग बाया, काही पटकन, काही एकमेकींकडे बघत. ओमाची बहीण सगळ्यात शेवटी उठली, डोळे पुसत. सगळं चर्च उभं आणि एकटा आर्विल बसलेला.

"बंधू आर्विल?"

तो हलला नाही.

"दुसऱ्यांदा विचारतो, बंधू आर्विल."

डेल्फिया मधली वाट ओलांडून आली. पुरुषांच्या बाजूला बाई येत नसे. ती त्याच्या बाकाशी वाकली आणि हळू म्हणाली, "उठा बाबा. माझ्यासाठी उठा. आईजवळची जागा घालवू नका."

"तू गप."

"मला वाईट वाटणार नाही. खरंच नाही वाटणार."

तिची हनुवटी थरथरत होती. आठ वर्षांची असताना खोटं बोलली की अशीच थरथरायची. आर्विलला वाटलं, हिला इथे अजून एक क्षण उभं ठेवायचं नाही. घरी न्यायचं. त्याने समोरच्या बाकाला धरलं आणि गुडघे सरळ केले.

ऑर्बीचा हात टेबलावर आपटला. "एकमत! मंडळी एकमताने—"

आर्विलला क्षणभर कळेना. मग त्याने ऑर्बीचा चेहरा बघितला आणि सगळं कळलं. तो कशासाठी उठला हे ऑर्बीला चांगलं ठाऊक होतं. जुन्या मित्राने त्याच्यासाठी दार उघडून दिलं होतं. फक्त तोंड बंद ठेवायचं. टेकडीवरची जागा, डीकनपण, रविवार, सगळं शाबूत.

"मी घरी जायला उठलो," आर्विल म्हणाला.

"आर्विल..." ऑर्बीचा आवाज चिरकला. "उभा राहिलास तू. सगळ्यांनी बघितलं."

"दार तिकडे आहे, बसून कसा जाऊ? नीट लिही. आर्विल स्टिडम घरी जायला उठला."

ऑर्बीला तिसऱ्यांदा विचारावं लागलं. आर्विलने नकारार्थी मान हलवली. वहीत दोन नावांवर रेघ ओढल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

बाहेर डेल्फिया ट्रकच्या टपाला टेकून रडत होती आणि रागावलेलीही होती. "कशाला केलंत? तुम्हाला पटत तरी होतं का माझं?"

"माकडाचं अजून नाही पटलेलं."

"मग?"

"मातीचं खरं होतं," तो म्हणाला.

आत शेवटचं गीत सुरू झालं. त्या गीतावर सगळे एकमेकांशी हात मिळवतात. तेवढ्यात दार उघडलं आणि ऑर्बी पायऱ्या उतरून आला. नाव काढलेल्याशी हात मिळवता येत नाही, म्हणून त्याने हात खिशात कोंबले होते. तो ट्रकपासून दोन पावलांवर थांबला.

"तीन नाही, चार," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तळाचा थर तुझ्या पाठदुखीच्या वर्षी उघडला. त्यातही माती होती. मुळं होती, आर्विल. मनगटाएवढी. मी स्वतः तोडली."

आर्विलने ट्रकचं दार उघडलं. त्याला राग आला नाही, नुसतं फार थकल्यासारखं झालं.

"ऑर्बी," तो म्हणाला, "हे आत सांगायचं होतंस."