तीन गुणांचा बाप

झिवकोला मी पहिल्यांदा खोडला तो पेन्सिलीने. पुढे कधी रबराने पुसता यावं म्हणून. एवढी माणुसकी माझ्यात आहे.

आमच्या इमारतीच्या तिसऱ्या जिन्याचा मी सेक्रेटरी. पेन्शनीवर गेलेल्या माणसाने एकतर टोमॅटो लावावेत किंवा हे काम करावं. मला बाग नाही. सेक्रेटरीकडे एक जाड वही असते. जिन्यात कोण राहतं, कोण आलं, कोण गेलं, सगळं तिच्यात. वहीत जो नाही, तो नगरपालिकेच्या लेखी हवेत राहतो.

त्या दिवशी सातव्या मजल्यावरची रालित्सा आणि तिचा झिवको माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. सोबत चीज भरलेली गरम बानित्सा, ताट भरून. आमच्याकडे बानित्सा घेऊन येणारा माणूस सही घेतल्याशिवाय जात नाही.

"काका, मला घरातून काढा," झिवको म्हणाला.

"भांडलात?"

"छे हो! वहीतून काढा."

झिवको हा दारात उभा राहिला की दार दिसू नये असा गडी. लिफ्ट दुरुस्त करायचं काम. आमच्या भाषेत त्याच्या नावातच जीव आहे. झिव म्हणजे जिवंत. आईबापांनी किती आशेने ठेवलं असेल.

"रजा संपतेय माझी, एक सप्टेंबरला," रालित्सा म्हणाली. ती सॉसेजच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. "तोवर बिल्याना पाळणाघरात गेली नाही, तर साहेब माझ्या खुर्चीवर भाचीला बसवणार. परवा येऊन खुर्ची खालीवर करून बघून गेली ती बया."

"तुझी आई?"

"आई स्पेनमध्ये. तिथल्या एका बाईची नातवंडं सांभाळते."

"स्वतःची नात सोडून?"

"स्वतःच्या नातीचा पगार मिळत नाही, काका."

"कोपऱ्यावर ते खाजगी आहे की. भिंतीवर जिराफ काढलाय."

"त्या जिराफाला माझा अख्खा पगार लागतो. बसचं भाडं वर. म्हणजे दिवसभर मी सॉसेजात हात घालायचे ते जिराफासाठी!"

राहिलं नगरपालिकेचं. आमच्याकडे पाळणाघराला यास्ला म्हणतात, आणि गुरांच्या गव्हाणीचा शब्दही त्याच घरातला. गव्हाण एक, वासरं शंभर. म्हणून मग गुण देतात. आईबाप दोघे कामावर, दोन गुण. आई एकटीच असेल तर आणखी तीन. बाप मेलेला असेल तर तीनच्या जागी पाच. बाप घरात असून मुलीला खांद्यावर घेऊन फिरवतो, याला शून्य.

"पाच नकोत आपल्याला," रालित्सा हसत म्हणाली. "तीन पुरे."

लग्न त्यांनी केलेलंच नव्हतं. त्यामुळे मोडायचीही कटकट नव्हती. फक्त माझी वही आणि माझी एक ओळ: सदर इसम सदर पत्त्यावर राहत नाही. सदर इसम तेव्हा माझ्यासमोर बानित्साचा तिसरा तुकडा खात होता.

ऑगस्टात यादी लागली आणि बिल्याना तिच्यात होती. रालित्सा कामावर गेली, खुर्ची वाचली. आम्ही नगरपालिकेला मामा बनवलं म्हणून संध्याकाळी एकेक पेला प्लमची दारूही घेतली.

मामाची गोष्ट पुढची आहे. दोन वर्षांची पोर. पाळणाघरात "बाबाने मला खांद्यावर घेतलं" म्हणाली की संपलं. तेव्हा तिला शिकवलं, हा मामा. आठ दिवस झिवकोने स्वतःच तालीम घेतली. तिने "मामा" म्हटलं की बिस्किट. पोर हुशार, घराबाहेर मामा आणि घरात बाबा, असलं दुहेरी हिशेबाचं काम तिने ठेवलंच नाही. घरातही मामा.

"चिडतोस का रे?" मी विचारलं.

"बिस्किटं संपलीत, काका. आता फुकट म्हणते."

राहत नसलेला माणूस दिसताही कामा नये. झिवको तळघराच्या दाराने ये-जा करू लागला, बूट हातात घेऊन. आमची लिफ्ट ऑक्टोबरात सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये अडकली. ती दुरुस्त करू शकणारा शहरातला सर्वांत चांगला माणूस रोज तिच्या बाजूने पायी चढायचा. पण न राहणाऱ्या माणसाने लिफ्ट दुरुस्त कशी करावी? गुडघे धरून अख्खा जिना नगरपालिकेला शिव्या घालत होता.

डिसेंबरात समोरच्या बाकावर भुऱ्या कोटातली एक बाई बसायला लागली. शेजारी बाबागाडी. सूर्यफुलाच्या बिया सोलून खायची आणि आमच्या दाराकडे बघायची. माणसांकडे नव्हे, दाराकडे. बर्फ पडला की बाक झाडून बसायची. कोणाशी बोलली नाही.

सातव्यावरची त्सोंका मावशी, रालित्साची शेजारीण, काहीही शोधून काढते. दोन दिवसांत बातमी घेऊन आली. "यादीत बिल्यानाच्या खालचं पोर तिचं. जागा हुकलेलं पहिलंच."

"मग आता काय हवंय तिला?"

"दुसरं काय? एक बाप हवाय."

मार्चमध्ये, वसंत आला म्हणून पोरांच्या मनगटांवर लाल-पांढरे दोरे बांधतात त्या आठवड्यात, नगरपालिकेचं पत्र आलं. तक्रार आहे, घरी येऊन पाहणी होईल. रालित्साने झिवकोचे बूट, वस्तरा, टूथब्रश, सगळं माझ्याकडे आणून टाकलं. झिवकोला तेवढं कुठे टाकावं कळेना. शेवटी तो अडकलेल्या लिफ्टच्या डोक्यावर जाऊन बसला. घरच्यासारखीच जागा होती ती त्याला.

पाहणीच्या बाई सात मजले चढून आल्या. पन्नाशीच्या, धापा टाकत, काखेत फाईल. मागून मी. त्यांनी कपाटं उघडली, पलंगाखाली वाकून पाहिलं. काही मिळालं नाही. जाता जाता जिन्यात त्सोंका मावशीला विचारलं, "इथे एक गृहस्थ राहायचे ना?"

त्सोंका मावशीला मदतच करायची होती, हे मी देवासमोरही सांगेन. म्हणायचं होतं, सोडून गेला. पण तिच्या गुडघ्यात त्याच क्षणी कळ आली. तिने भिंत धरली, सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "गेला हो."

'गेला' शब्द आमच्याकडेही सुस्काऱ्यावर चालतो. नुसता गेला म्हणजे बसने गेला. सुस्कारा टाकून गेला म्हणजे परत येत नाही.

बाईंनी चष्मा काढला. छातीवर क्रूसाची खूण केली. "कधी?"

"सप्टेंबरातच की," मावशी म्हणाली. अजून तिला पत्ता नव्हता.

"वय काही फार नसेल."

"कुठलं! चौतीस."

दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात होतं. रालित्साच्याही होतं, तिचे ओठ हललेले मी पाहिले. मग तिने दाराआडच्या खुंटीकडे पाहिलं. तिथे बिल्यानाचा पाळणाघराचा एप्रन टांगला होता, खिशावर बदक भरलेला. वाक्य दोघांनीही गिळलं.

"दारावर कागद नाही दिसला तो?" बाईंनी सहज विचारलं.

माणूस गेला की आम्ही काळ्या चौकटीत त्याचा फोटो छापतो आणि दारावर, खांबावर, झाडावर चिकटवतो. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा. काढत कोणी नाही. मेलेल्याचा कागद फाडला तर पुढचा कागद फाडणाऱ्याचा. ऊन-पाऊस काय करतील ते.

"वाऱ्याने गेला," मी म्हणालो. "सहा महिन्यांचा लावतोय ना या रविवारी."

हे मी का बोललो मला माहीत नाही. चांगला सेक्रेटरी प्रश्न उघडा ठेवत नाही एवढंच.

"लावा हं," बाई हळव्या होऊन म्हणाल्या. "आणि मुली, आता तुझी जागा कोणी हलवणार नाही. मृत्यूचा दाखला तेवढा आणून दे. घाई नाही. एप्रिलच्या तीस तारखेपर्यंत."

त्यांची पावलं खाली विरली. मग लिफ्टच्या पोकळीतून आवाज आला, "काका, मी कशाने गेलो?"

आम्ही हसलो. जिन्यात बसून पोट धरून हसलो. रालित्सा सगळ्यांत शेवटपर्यंत हसत होती, इतकी की त्सोंका मावशीने तिला पाणी दिलं.

फोटो झिवकोनेच निवडला, मासेमारीचा. "मासा राहू द्या की," म्हणाला. मावशीने ऐकलं नाही. मयताच्या हातात मासा शोभत नाही. मासा कापला. मजकूर मी लिहिला: अर्धं वर्ष तुझ्याविना. रविवारी डिंकाची बाटली आणि ब्रश घेऊन मी तो दारावर लावला. वहीतली पेन्सिलही त्याच दिवशी शाईने गिरवली, कारण पेन्सिलीने खोडलेला मयत संशयास्पद दिसतो.

शेजारपाजारचे मयताच्या नावाने करतात तो साखर घातलेला उकडलेला गहू घेऊन आले. झिवकोने आतल्या खोलीत बसून खाल्ला. "चौथ्या मजल्याचा चांगलाय. साखर थोडी कमी."

सोमवारी भुऱ्या कोटातली बाई बाकावरून उठली. दारापाशी आली, कागद वाचला. पायरीवर एक मेणबत्ती लावली आणि बाबागाडी ढकलत निघून गेली. पुन्हा आली नाही. बाक रिकामा झाला तशी मला धास्ती वाटायला लागली. तोवर निदान बाहेरचं एक माणूस होतं ज्याला पक्कं ठाऊक होतं की झिवको जिवंत आहे.

सव्वीस एप्रिलला दुपारी रालित्साचा फोन आला. कारखान्यात मशीन बंद पडलेलं, तिला निघता येत नव्हतं. मुलीला आणायला यादीत दोनच नावं, ती आणि त्सोंका मावशी. मावशी फोन उचलेना. पाळणाघर सहाला बंद.

"चला काका," झिवको म्हणाला. "तुम्हाला ओळखतात ते. नुसतं सोबत या."

फाटकापाशी सगळी पोरं गेलेली. मुख्य बाई बिल्यानाचा हात धरून उभ्या. पोरीने झिवकोला पाहिलं आणि उड्या मारायला लागली. "मामा! मामा!"

"यादीत मामा नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, घरचाच आहे," मी म्हणालो.

"सेक्रेटरी, तुमच्यावर विश्वास आहे. पण गेल्या महिन्यात एका बापाने पोर पळवलं. नियम म्हणजे नियम. रक्ताचं नातं दाखवा, ओळखपत्र दाखवा, घेऊन जा."

"मी तिचा बाप आहे," झिवको म्हणाला.

एरवी कधी तो इतकं सरळ बोलला नसेल. सात महिने ते वाक्य कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पोरीला मागे ओढलं. "लाज वाटत नाही? या लेकराचा बाप गेला. दारावरचा कागद मी स्वतः वाचलाय. कोण आहात तुम्ही? पोलिसांना बोलावू?" आणि मग वाकून, मऊ आवाजात, "बिल्याना, हा बाबा आहे का गं तुझा?"

बिल्यानाने झिवकोकडे नीट पाहिलं. तिला वाटलं असावं, तालीमच चालली आहे. "नाही," ती म्हणाली. "मामा." आणि बिस्किटासाठी हात पुढे केला.

झिवकोचा हात खिशात गेला. ओळखपत्र तिथेच होतं. मला दिसत होतं, कापडावर त्याचा चौकोन उठला होता. ते बाहेर काढलं असतं तर तो जिवंत झाला असता, बाप झाला असता, आणि उद्या सकाळी बिल्यानाच्या एप्रनमध्ये भुऱ्या कोटवालीचं पोर उभं असतं. रालित्साच्या खुर्चीवर भाची.

हात रिकामा बाहेर आला.

"चुकलं," तो म्हणाला. "मी कोणी नाही."

तो वळला आणि चालायला लागला. बिल्याना रडली नाही. बिस्किट नाही म्हणून थोडी रुसली. मी मावशीला फोन लावत राहिलो. वीस मिनिटांनी ती सपाता घालून धावत आली आणि पोरीला घेऊन गेली. मी निघालो तेव्हा मुख्य बाई फाटकातून म्हणाल्या, "आईला दाखल्याची आठवण करा हो. तीस तारीख."

मी इमारतीशी पोचलो तेव्हा झिवको दारापाशी उभा होता. उजेडात, समोरच्या दाराने, बूट पायात घालून. येणारे-जाणारे त्याच्या बाजूने आत जात होते आणि कोणी मान वर करून बघत नव्हतं. कागदाचा एक कोपरा वाऱ्याने सुटून फडफडत होता. झिवको तो अंगठ्याने दाबून धरत होता. सोडला की सुटायचा. पुन्हा दाबायचा.

"काका," मागे न बघता तो म्हणाला, "डिंक आहे का थोडा?"

"आहे की. आणतो."

"आणि आज तारीख किती?"

"सव्वीस," मी म्हणालो.

त्याने बोटांवर तीस तारखेपर्यंतचे दिवस मोजले आणि कोपरा दाबून धरून उभा राहिला.