काडाची ऊब

सोसायटीने तळघराच्या खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, तेव्हापासून गेनोवेफाबाईंच्या जिवाला घोर लागला. पाच हिवाळे तळघरातल्या गरम नळांना चिकटून काढलेली तांबडी मांजरी आता उघड्यावर आली होती. एक कान फाटका. कुणाला हात म्हणून लावू देत नसे. गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीला जाळ्या लागल्या, तिथला बोका जानेवारीत दगडासारखा कडक सापडला होता. त्याला पुरलं होतं गेनोवेफाबाईंनीच.

तिसऱ्या मजल्यावरच्या झेनॉनरावांनी थर्माकोलची पेटी केली. उभा जन्म त्यांनी पोलंडमधल्या या सुवाल्की शहराच्या घराघरांतून खोल्या उबदार ठेवणाऱ्या, चिनीमातीच्या फरशांच्या भट्ट्या बांधल्या होत्या.

"दार एवढंसं? ती काय उंदीर आहे?"

"बाई, मिशा शिरल्या की मांजर शिरतं. मोठं दार म्हणजे वाऱ्याला आवतण! आता आत गव्हाचं काड भरू."

गेनोवेफाबाई ताठ झाल्या. "काड नाही. काडाच्या गादीवर आम्ही चौघी बहिणी झोपलोय, गरिबीपायी. माझ्या मांजरीला ते दिवस नकोत."

"तुमची मांजरी! ती ढुंकून तरी बघते का तुमच्याकडे?"

गेनोवेफाबाईंनी ऐकलं नाही. लग्नातल्या रजईचा कोपरा त्यांनी कात्रीने कापून पेटीत अंथरला. त्या रजईसाठी आईने दोन हिवाळे शेजारणींना बसवून हंसाच्या पिसांचे टणक दांडे सोलून मऊ पिसं निवडली होती. पिसं उडतील म्हणून खोलीत मोठ्याने हसायचीसुद्धा चोरी. याहून उबदार वस्तू जगात असेल, हे त्यांना पटणंच शक्य नव्हतं.

चौथ्या सकाळी मांजरी पेटीच्या छपरावर कुडकुडत बसलेली. बाईंना पाहून ती खाली उडी मारून पळाली. त्यांनी आत हात घातला. मांजरीच्या अंगावरच्या बर्फाने आणि श्वासाने रजई भिजली होती, आणि भिजून फळीसारखी गोठली होती.

"काड ओल धरून ठेवत नाही," झेनॉनराव एवढंच म्हणाले. टोमणा मारायची आयती संधी त्यांनी सोडली. मेहुण्याच्या शेतावरून ते पोतंभर काड घेऊन आले.

या वेळी पेटी गेनोवेफाबाईंनी स्वतः भरली. कोपरापर्यंत हात काडात गेला आणि त्या थांबल्या. तोच कोरडा, उन्हाळ्याचा वास. चार बहिणींचे आठ पाय एकात एक अडकलेले, आणि आईची हाक आली तरी कुणाला उठवेना. गरिबी त्यांच्या लक्षात राहिली होती. ती ऊब मात्र पार विसरून गेली होती.

त्याच आठवड्यात पारा उणे एकोणतीसवर उतरला. सकाळी दोघं अंगणात आली तेव्हा पेटीवर वीतभर बर्फ, आणि भोवती एकही पाऊल उमटलेलं नाही. वाडग्यातलं अन्न तसंच, गोठलेलं.

"गेली," बाई म्हणाल्या.

"दाराकडे बघा आधी."

एवढ्याशा भोकाच्या कडेने हिमाची बारीक झालर लागली होती, चर्चमधल्या वेदीवरच्या लेससारखी. गेनोवेफाबाई बर्फात गुडघे टेकून बसल्या. हातमोजा काढून त्यांनी तळवा भोकासमोर धरला.

आतून ऊब आली. मंद, ओलसर, थांबली, पुन्हा आली.

ना चूल, ना नळ, ना विस्तव. मूठभर काड, आणि एवढासा जीव स्वतःलाच पुरेल इतका पेटलेला.

मागे वळून पाहिलं, तर आयुष्यभर भट्ट्या बांधलेला तो माणूस टोपी काढून उभा होता.

"टोपी घाला, झेनॉनराव, कान गळून पडतील," त्या कुजबुजल्या. पण हात काही त्यांनी लवकर काढून घेतला नाही.