मानाचा डबा

आमच्या पुनमचं पोट कधी दुखलं नाही. ना ढाळ, ना उलटी, ना गुबारा. दगड घातला तर जिरवील असं पोट, हे मी डॉक्टरीणबाईला तोऱ्यातच सांगितलं. कुरुंद्यात आमच्या मालकांच्या, माणिकरावांच्या घरची लेक म्हटल्यावर तिला खायला काय कमी? हळद आमची, गहू आमचा, दुभतं दारात. तरी पोरगी पांढरीफटक पडत चालली होती.

बादली उचलताना मनगट मोडलं. दाताचे कपचे निघायचे. पायाला मुंग्या, चालताना भिंत धरायची. आणि दोनदा कूस भरली, दोनदा पाचव्या महिन्यात रिकामी झाली. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते अन् अंगात रक्त सहा. लोहाच्या गोळ्या खाऊन जीभ काळी पडली, पण रक्त काही चढेना.

तिची सासू बाळापूरची. फोनवर म्हणाली, "विहीणबाई, ही खेप वाया गेली तर आमाला दुसरा विचार करावा लागंल."

"करा की," मी म्हटलं. "तुमच्या लेकाला दुसरी देणारा आंधळा बाप आधी हुडका."

बोलायला बोलले, पण दुसऱ्याच दिवशी पुनमला घेऊन दवाखाना गाठला.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईनं पुनमचं रक्त पुण्याला पाठवलं. तिकडून उत्तर आल्यावर तिनं मला समोर बसवलं. "हिला गहू चालत नाही, मावशी. सिलियाक म्हणतात याला. पोट गप्प बसतं, पण आतून आतडं सोलून निघतं. खाल्लेलं अंगी लागतच नाही. रक्त, हाडं, नसा, गर्भ, सगळं उपाशी राहतं."

"म्हंजी पोळी बंद?"

"पोळी, शिरा, शेवया, बिस्किट, सगळं. कणभरसुद्धा नाही."

मला हसू आलं. "गहू बाधायला तो काय बचनाग हाय?"

ती हसली नाही. "हिच्यापुरता तोच समजा. आठवा लागायच्या आत रक्त चढलं नाही, तर बाळाचं मी काही सांगू शकत नाही."

मग पुनमला मी बाळापूरला धाडलंच नाही. तवा वेगळा केला, परात वेगळी केली, पोळपाट माळ्यावर फेकला. ज्वारीची भाकर मीच थापायची, मीच भाजायची. गावात मात्र कोणाला कळू दिलं नाही. सांगायचं तरी काय? द्वारकाबाईच्या लेकीला पोळी सोसत नाही? ज्या बाया माझ्या दारात सणाची पोळी मागायला येतात, त्यांच्यासमोर?

दोन महिने असं काढलं. पुन्हा नांदेडला गेलो. रक्त होतं तिथंच. डॉक्टरीणबाई म्हणाली, "कुठून तरी गहू जातोय पोटात. शोधा."

जीपमध्ये बसल्याबसल्या मी पुनमला धरलं. "चोरून खाती का गं?"

"न्हाई, आई."

"मंग काय वाऱ्यावर उडून येतो का गहू?"

"तुज्याच हातचं खाऊन राहिले मी. दुसऱ्याच्या हातचं पाणीबी न्हाई."

तरी घरी येऊन मी तिची गादी झाडली, ट्रंक उचकली. बिस्किटाचा तुकडासुद्धा निघाला नाही. शेवटी गव्हाच्या कोठीला कुलूप घातलं. ती कुलपाकडं बघत राहिली. त्या दिवसापासून अर्धीच भाकर खायची. पोटावर हात ठेवून बसायची, आतून कोणी हाक मारील म्हणून कान दिल्यासारखी.

घरात मोठ्यानं बोलणं थांबलं. जितकी जपावी तितकी पोरगी खाली खाली जात होती. ताट वाढताना माझीच बोटं मला परकी वाटायची. घरात काहीतरी शिरलंय आणि ते माझ्याच हातून तिच्या तोंडात जातंय, असं वाटायचं. देवऋषी काय म्हणाला असता ते मला ठाऊक होतं, म्हणून त्याच्याकडं गेलेच नाही.

दळण आमचा सालगडी संतराम न्यायचा. माझा डबा गिरणीत कधी रांगेला थांबला नाही. बाया किती का बसलेल्या असेनात, संतराम पोचला की आमचा डबा आधी. सासूच्या वेळेपासूनचा मान तो. त्या दिवशी संतराम लेकीकडं कळमनुरीला गेला होता, म्हणून ज्वारीचा डबा मीच कडेवर घेतला.

फुलसिंगच्या गिरणीत गहू चालू होता. दाराबाहेर पायरीशी दम खायला थांबले, तर आतलं बोलणं कानावर आलं.

"गहू संपला," फुलसिंग ओरडला. "आता ज्वारी कुणाची? जनकाबाई, नंबर तुजा हाय."

"मला न्हाई घाई," जनकाबाईचा आवाज. "गव्हामागं पयली ज्वारी टाकायला मी येडी हाय का? दगडात राह्यलेलं समदं गव्हाचं पीठ माज्याच डब्यात पडंल."

"मंग गिरणी बंद ठिवू का?"

"दम धर की. येईलच आता मालकिणीचा मानाचा डबा. त्यो दळला की गिरणी आपसूक धुऊन निघती. रोजचंच हाय."

सगळ्या खिदळल्या. फुलसिंगही हसला.

माझ्या कडेवरचा डबा सुटला. ज्वारी पायरीवर सांडली. आदल्याच दिवशी मी पुनमला मिरवून सांगितलं होतं, बघ, परातभर भाकर थापली तरी तिची कड फाटत नाही. कशी फाटेल? चिकटायला गहू होता तिच्यात.

आवाजानं जनकाबाई दारात आली आणि पदर तोंडाशी धरून उभी राहिली. "अगं बाई! काकू, आमी आपली गंमत..."

"गंमत पुरं. आजपासून माजा डबा समद्यात मागं."

"काहून वो, काकू?"

रांगेतल्या सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "माज्या पुनमला गहू इख हाय म्हणून. म्हणून तिची लेकरं जगंनात."

जनकाबाई खाली बसून ज्वारी गोळा करायला लागली. मी ती तशीच टाकून घरी पळाले.

पुनम उंबऱ्यावर बसली होती. तोंडावर रंग नव्हता. "आई, सकाळधरून लेकरू हललं न्हाई."

जीप नांदेडच्या रस्त्याला लागली. खड्ड्यागणिक मी तिचं पोट दोन्ही हातांनी धरत होते. ती विचारत होती, "तुला कळून राहिलं का काही?" मला काहीच कळत नव्हतं. मी व्हय म्हणत होते.

डॉक्टरीणबाईनं पोटाला यंत्र लावलं. इकडं लावलं, तिकडं लावलं. बराच वेळ नुसती खरखर. मग ती म्हणाली, "ठोका आहे. पण मंद आहे. आत्ताच काढावं लागेल."

पोरगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, रडायचीही ताकद नसलेली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पुनमला रक्ताच्या बाटल्या लावल्या. ती डोळे उघडायची, पेटीकडं बघायची, पुन्हा मिटायची.

डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आली. "आजची रात्र जाऊ द्या, मग बोलू. जगली तर हिचीही पुढं तपासणी करावी लागेल. हे रक्तातून येतं, मावशी. तुमची स्वतःची लेकरं गेली आहेत का?"

"गेली तर. कोणाची जात न्हाईत?"

"किती?"

पुनमच्या आधीच्यांबद्दल मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. पुनमलाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "चार."

"आणि पायाला मुंग्या?"

मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तिनं ते बघितलं आणि नर्सला हाक मारली. "यांचंही रक्त घ्या."

सुई टोचली तरी मी तोंड फिरवलं नाही. काचेपलीकडं ती पोर डोळे मिटून तोंड उघडत होती, मिटत होती. भूक लागली होती तिला.