बोटाखालची टक

गॅरेजच्या त्या गल्लीत त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता, आणि तोही घरच्यांना सोसवत नसे. नाव पडलं ते कामावरून. गाडीचा एसी बिघडला की बाकीचे मिस्त्री मीटर शोधत, हे नुसते कान लावत. बटण दाबलं की आधी रिलेची, म्हणजे करंट पुढे सोडणाऱ्या छोट्या डबीची, बारीक टक होते आणि तिच्या पाठोपाठ कॉम्प्रेसरच्या क्लचची दणदणीत खट्. टक नाही, तर दोष रिलेपाशी किंवा त्याच्या अलीकडे. टक आहे पण खट् नाही, तर पुढे बघा. अर्धं निदान तिथंच होऊन जाई.

पण गेल्या काही महिन्यांपासून टक लांब लांब जायला लागली होती. खट् अजून ऐकू येई, म्हणून भागत होतं. ही गोष्ट कानसेननी बायकोला सांगितली नव्हती, मुलाला नाही, आणि गॅरेजमध्ये शेजारीच काम करणाऱ्या सुनेला तर मुळीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कान गेले तर कानसेन कसला? मग घरी बसायचं आणि टीव्हीच्या रिमोटवरून बायकोशी भांडायचं.

अशात व्याह्यांची गाडी आली. व्याही म्हणजे सुनेचे वडील, बोलका माणूस. आल्या आल्या खुर्ची ओढून बसले आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. तक्रार एवढीच, की एसी सकाळी छान गार आणि गाडी तापली की नुसती गरम हवा. उद्या त्यांना बायकोला घेऊन लांब जायचं होतं, आणि बायकोला उकाडा अजिबात सोसत नव्हता.

"तुमच्याकडे आलो म्हणजे काळजी मिटली," व्याही म्हणाले.

कानसेननी गाडी उन्हात चालू ठेवली आणि वारा गरम यायला लागल्यावर इंजिन बंद केलं. ही जुनी गाडी, नुसती चावी फिरवली तरी एसीची टक-खट् होई. सून आत चावी फिरवून बसली, आणि बॉनेट उघडून ते रिलेवर वाकले.

"दाब गं."

सुनेनं बटण दाबलं. कानसेनना काहीच ऐकू आलं नाही, ना टक, ना खट्.

"रिले गेलाय," त्यांनी जाहीर केलं. जुना काढून बादलीत टाकला, नवा बसवला. "दाब."

पुन्हा शांतता.

"हाही मेलेला. हल्ली मालच असा येतो."

तिसरा बसवला. मग वायर ओढून पाहिली, फ्यूज बदलला, माल बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. व्याही गप्प झाले होते, आणि ते गप्प झाले म्हणजे प्रकरण गंभीर, हे कानसेनना कळत होतं. कपाळावरचा घाम काही फक्त उन्हाचा नव्हता.

सून गाडीतून उतरली. तिनं बादलीतला पहिला रिले उचलला, बॅटरीच्या दोन वायरींना लावून पाहिला आणि खिशात टाकला. तिसरा रिले जागेवरच होता. तिनं सासऱ्यांचा हात धरला आणि त्यांचं बोट त्याच्यावर टेकवलं.

"बाबा, जरा असंच राहू द्या हं."

ती आत गेली. बटण दाबलं.

बोटाखाली रिलेचा धक्का जाणवला. बारीक, नेमका, नाडीच्या ठोक्यासारखा. तिनं बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. पुन्हा ठोका. रिले धडधाकट होता. म्हणजे तिन्ही धडधाकट असणार. आणि सुनेला सगळं समजलं होतं. त्यांना लाज वाटली, पण छातीवरचं ओझंही उतरलं, आणि त्यातलं जास्त काय वाटलं हे त्यांना सांगता आलं नसतं.

"मीटर दे," ते म्हणाले.

क्लचच्या वायरीला करंट पुरेपूर येत होता. म्हणजे बटण, रिले, वायर सगळं ठीक, तरी क्लचची पाती जागची हलत नव्हती. बटण चालूच ठेवून कानसेननी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पातीला हलकेच ढकललं. खट्! चिकटली. ही खट् त्यांनी ऐकली, आणि मनगटापर्यंत जाणवलीही.

"झिजलीय. मधली फट वाढलीय. गार असताना क्लचमधला लोहचुंबक तिला ओढतो, तापला की त्याचा जोर कमी पडतो आणि पाती लांबच राहते."

पाती काढून मागची एक पातळ चकती कमी केली. फट कमी झाली. गाडी पुन्हा उन्हात उभी केली, इंजिन चालू. ती तापत राहिली आणि आतली हवा गारच राहिली. व्याही मागच्या सीटवर जाऊन राजासारखे पसरले.

"वा! पण मिस्त्री, आधी ते रिले कशाला बदलत होतात?"

सून पटकन वडिलांना म्हणाली, "अण्णा, खात्री करून बघावी लागते."

ती आपल्याला सांभाळून घेतेय हे कानसेनच्या लक्षात आलं. त्यांनी फडक्याला हात पुसले.

"खात्री नाही हो. मला कमी ऐकू येतं. बारीक आवाज तर येतच नाहीत. यापुढं हात लावून बघणार."

व्याही सीटवरून उठून बसले.

"म्हणजे? मग वर्षभर माझ्या विनोदांना हसत होतात, ते?"

"तुमचं तोंड बंद झालं की हसायचो."

मग व्याही खाली उतरले, आपली खुर्ची उचलून कानसेनच्या अगदी कानाशी आणून ठेवली, आणि घसा खाकरून म्हणाले, "चहा सांगा. सगळे विनोद पहिल्यापासून सुरू करतो."