डब्यात न मावलेला कपॅसिटर

मित्रांनो, मी जुना, जाडजूड कपॅसिटर. निळं अंग, दोन पाय, एका बाजूला पांढरा पट्टा. पट्ट्याकडचा पाय मायनस. हे आधीच सांगून ठेवतो, कारण उलटा लावलात तर मी फुटतो.

बारा वर्षं एका ॲम्प्लिफायरमध्ये राबलो. डायोडमधून वीज येते ती लाटांनी. लाट आली की मी भरून घ्यायचं, ओसरली की ओतायचं. तो ॲम्प्लिफायर भंगारात गेला आणि मी खटपटीच्या ड्रॉवरमध्ये पडलो. खटपटी म्हणजे या घरातल्या आत्याची भाची. पाहावं तेव्हा तारांच्या जोडांना काहीतरी डाग देत बसलेली.

आत्या अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. हल्ली तिच्या आवाजामागे घूंऽऽ यायचं. दोनदा संस्थेकडून रेकॉर्डिंग परत आलं. तिसऱ्यांदा आलं असतं तर पुस्तक दुसऱ्याकडे जाणार होतं. म्हणून भाचीने रेकॉर्डिंगच्या यंत्राला वीज पुरवायला नवा पॉवर सप्लाय बनवला. वीज एकसारखी ठेवणारा रेग्युलेटर चांगला घातला, पण कपॅसिटर निवडला हजार मायक्रोफॅरडचा, म्हणजे थोडंच साठवणारा. का, तर त्याच्यावर डब्याचं झाकण बसत होतं! घूं तसंच.

आत्या चष्म्यावरून बघत म्हणाली, "अगं, नुसती उंची बघून नवरा पसंत करतात का? काम झेपतं का ते बघ की."

भाची हिरमुसली. मग कागद घेऊन बसली. यंत्र एक अँपिअर खातं. दोन लाटांच्या मधे हजारवाला इतका रिता होतो की रेग्युलेटर उपाशी राहतो. चार हजार सातशेचा हवा. लाटेचा माथा वीस व्होल्टचा, मग पस्तीसचा घेतलेला बरा, निवांत राहील. तिने ड्रॉवर उघडला. माझ्या अंगावर हेच दोन आकडे! मीटर लावून तब्येत बघितली. ठणठणीत. झाकणाला भोक पाडलं, आणि मी डोकं बाहेर काढून ताठ उभा!

आत्याने पहिलं पान वाचलं. भाचीने हेडफोन लावला आणि डोळे मिटून कान देऊन बसली.

"काय गं, पुन्हा तेच?" आत्याने पुस्तक खाली ठेवलं.

"तू श्वास घेतेस ना आत्या, तो ऐकू येतोय. दुसरं काहीच नाही."

रेकॉर्डिंग पास झालं. वर निरोप आला, पुढची तीन पुस्तकंही बाईंनीच वाचावीत.

मित्रांनो, आम्हाला निवडताना आधी गणित करा. थोडी ताकद शिल्लक ठेवा. तापणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. एवढं केलंत तर आम्ही वर्षानुवर्षं साथ देतो. आता बोलणं पुरे. आत्याने चौथा धडा वाचायला घेतलाय, आणि माझ्याकडून आवाज म्हणून यायला नको.