तिसऱ्या मजल्यावरची शाळा

दीपा घरात इतकं बोलते की कधीकधी मीच म्हणते, "बाई गं, श्वास तरी घे." पण दार उघडून जिन्यात पाऊल पडलं की गप्प. इथल्या जर्मन किंडरगार्टनमध्ये सबंध वर्षभर ती एक शब्द बोलली नाही. सुरुवातीला एकदा बोलली होती म्हणे. मुलं हसली आणि आमच्या या बाईसाहेबांनी बाहेरच्या जगापुरतं तोंड मिटून घेतलं ते घेतलंच.

मार्चमध्ये शाळाप्रवेशाआधीची तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी चित्रं दाखवली. हे कोण? कुत्रा काय करतोय? दीपा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. डॉक्टरबाई मनाने चांगल्या होत्या. जितक्या हळू आवाजात सांगता येईल तितक्या हळू त्यांनी मला सांगितलं, "फोर्डरशूलेचा विचार करावा लागेल." म्हणजे मागे पडणाऱ्या मुलांची वेगळी शाळा. जूनमध्ये आमच्या वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका फ्राऊ केसलर दीपाला एकदा भेटणार होत्या. तेव्हाही ती अशीच बसली, तर ती वेगळी शाळा नक्की.

मी नागपूरला फोन केला. माझ्या सासूबाई मीराबाई जन्मभर नगरपालिकेच्या शाळेत बाई होत्या.

"वेगळी म्हणजे? कोण बसतं तिथं?"

मी सांगितलं.

"नाही, नाही बाप्पा. वेगळं बसवणं काय असते ते आम्हाले विचार. माझा बाप व्हरांड्यात बसून शिकला. आपली पोट्टी चार पोरांच्या बाकावरच बसली पाहिजे. त्या बाईले तसं सांग ठणकावून."

"अहो आई, ठणकावून सांगण्याइतकं जर्मन मला कुठे येतं?"

"मग काऊन बसली आहे तिथं? शिक."

माझा नवरा सुयश म्हणाला, "बोलेल गं. काही रिअ‍ॅक्शन्सना वेळ लागतो." तो केमिस्ट आहे. वेळ लागतो हे त्याचं सगळ्याला उत्तर. घरी यायलाही त्याला वेळच लागतो.

त्याच सुमारास आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर दोरोथेआ राहायला आली. लांब स्कर्ट, जाड वेणी, दोन मुलं. योनाथन दहा वर्षांचा, टाबेआ आठची. नवरा मार्कुस सुतारकाम करायचा. तळघरात कपडे धुण्याच्या मशीनपाशी आमची ओळख झाली. तिने पहिल्याच भेटीत मला एकेरी हाक मारली, त्यामुळे मला एकदम कुणीतरी आपलं भेटल्यासारखं झालं.

एका सकाळी दीपा किंडरगार्टनला निघाली आणि जिन्यातच बसली. कठडा दोन्ही हातांनी धरलेला, चेहरा त्याच्यात खुपसलेला. माझ्या कडेवर तिचा धाकटा भाऊ तापाने फणफणलेला. मला रडूच यायचं बाकी होतं. वरून दोरोथेआ कचऱ्याची पिशवी घेऊन उतरली.

"माझ्याकडे सोड तिला," ती म्हणाली. "आम्ही घरीच असतो."

मुलांना कसली तरी सुट्टी असेल असं मला वाटलं. सुटले एकदाची, हेही वाटलं.

दुपारी आणायला गेले तर दाराबाहेरच थांबले. आत टेबलावर तळवे आपटल्याचा ताल चालला होता, आणि तालावर तीन आवाज: "मेन्सा, मेन्से, मेन्से, मेन्साम!" त्यातला सगळ्यात मोठा, सगळ्यात बेसूर आवाज माझ्या मुलीचा होता.

मी दारावर टकटक केली नाही. तशीच पायरीवर बसले.

"लॅटिन आहे. मेन्सा म्हणजे टेबल, त्याचीच रूपं," दोरोथेआने नंतर मला कॉफी देताना सांगितलं. स्वयंपाकघरातलं मोठं टेबल हीच तिची शाळा. भिंतीवर ग्रीक अक्षरं, फ्रीजवर बायबलमधलं आठवड्याचं वचन, खिडकीत टाबेआने लावलेले वाटाणे. "लहान वयात मुलांना पाठ करायला आवडतं, म्हणून आम्ही पाठ करून घेतो. का आणि कसं ते विचारायचं वय पुढे येतं. मग त्याच्याही पुढे, आपलं म्हणणं नीट मांडायचं. जुनी पद्धत आहे. कैझर्सलाउटर्नला अमेरिकन सैन्याचा तळ आहे, तिथल्या चर्चमधल्या बायकांकडून मी शिकले. त्या सगळ्या घरीच शिकवतात."

मला पद्धत नवी वाटेना. आमच्याकडे पाढे असेच झाले. पाली वंदनाही दीपाने अशीच तोंडपाठ केलीय, अर्थाच्या वाटेला न जाता.

"पण ती बोलली कशी?" मी विचारलं.

दोरोथेआ हसली. "लॅटिनमध्ये तिला कोण हसणार? टाबेआलाही येत नाही, योनाथनलाही धड येत नाही. ती कुणाच्याच आईची भाषा नाही."

त्यानंतर दीपा रोज वर जाऊ लागली. किंडरगार्टन सक्तीचं नव्हतंच, मी फोन करून सांगून टाकलं. दोन आठवड्यांत लॅटिनच्या मागून जर्मन आलं. मीठ दे, माझी पेन्सिल, तू चुकलीस, आता माझी पाळी. संध्याकाळी ती आमच्या बुद्धमूर्तीपुढे पंचशील म्हणायची आणि लगेच पलंगावर उड्या मारत मेन्सा-मेन्से. सुयश म्हणायचा, "दोन अशा भाषा येतात हिला, की ज्यात भाजीसुद्धा आणता येणार नाही."

मीराबाईंना मात्र चैन पडेना. "प्रार्थना घेते का ती बाई?"

"घेते. दीपा हात जोडून बसते, एवढंच."

"हे बघ, आपण धर्म बदलला तो मोठेपणी, विचार करून. पाच वर्षांच्या लेकराचा कुणी बदलवू नये."

"कुणी बदलवत नाहीये, आई."

"आणि तिची पोरं शाळेत कधी जातात गं? तू फोन करतेस तेव्हा ती घरीच असतात."

हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी दोरोथेआला विचारलं आणि तिने सरळ सांगितलं, जात नाहीत. शेजारच्या हेसन राज्यात दंड झाले, म्हणून ते इकडे आले. इथे मुलांचं नाव कुठल्याच शाळेत घातलेलं नाही. अमेरिकन सैनिकांच्या बायकांना चालतं, जर्मन आईला चालत नाही. देवाने मुलं तिच्या हाती दिलीत, सरकारच्या नाही, असं तिचं म्हणणं. ती हे भाजी चिरता चिरता म्हणाली, अजिबात आवाज न चढवता.

सुयशने मात्र चढवला. "गुन्हा आहे तो इथे! शूलफ्लिश्ट आहे, शाळेत पाठवावंच लागतं. उद्या पोलीस वर येतील आणि टेबलाशी आपली मुलगी बसलेली असेल. व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, कळतंय ना?"

"कळतंय. पण जूनपर्यंत तरी राहू दे. बोलायला लागलीय ती."

त्याने तिला वर पाठवणं थांबवलं नाही. त्यालाही दीपाचा बाहेरचा आवाज हवा होता.

मला काय वाटत होतं ते मला कळत नव्हतं. मीराबाईंच्या वडिलांना व्हरांड्यातून आत यायला एक पिढी लागली, आणि ही बाई आत असलेली मुलं बाहेर काढतेय. पण त्या टेबलाशी गेल्यावर मला कधी बाहेर काढल्यासारखं वाटलं नाही. उलट शाळेच्या तपासणीतच वाटलं होतं. खाली आले की मीराबाईंचं पटायचं, वर गेले की दोरोथेआचं. जिन्यात मी कुणाचीच नव्हते.

जून आला. फुटबॉलच्या वर्ल्ड कपमुळे गाड्यांना, बाल्कन्यांना, पाववाल्याच्या काउंटरलासुद्धा झेंडे लागले होते. फ्राऊ केसलरच्या खोलीत दीपा माझ्या कुर्त्याचं टोक धरून बसली. फ्राऊ केसलर केस आखूड कापलेल्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी घाई केली नाही. टेबलावर लाकडी ठोकळे मांडले आणि स्वतःच खेळू लागल्या. मग टेबलावर हात आपटत म्हणाल्या, "टिश. हे टिश आहे, हो ना?"

दीपाने कुर्ता सोडला. "टिश," ती म्हणाली. "पण लॅटिनमध्ये मेन्सा." आणि तिने तळहाताने टेबल बडवत सगळं म्हणून दाखवलं. मग जर्मनमध्ये सांगायला लागली. टाबेआ मध्येच चुकते, योनाथन जांभया देतो, वाटाण्याला पान आलंय आणि त्याला बांधायला दोरा हवाय. मी तिचा हा आवाज चार भिंतींबाहेर कधी ऐकलाच नव्हता. माझे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी लक्षात आलं, टाबेआचं नाव इथे निघायला नको होतं.

"हे सगळं कुठे शिकलीस?" फ्राऊ केसलरनी विचारलं.

"टाबेआच्या शाळेत."

"कोणती शाळा ही?"

"आमच्या वर. स्वयंपाकघरात. रोज असते."

फ्राऊ केसलरनी चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "फ्राऊ गजभिये?"

"खेळतात," मी म्हणाले. "मुलं शाळा-शाळा खेळतात."

"नाही आई!" दीपा मराठीत ओरडली. मग तिला वाटलं असावं की बाईंनाही कळायला हवं. तिने जर्मनमध्ये सांगितलं, "खेळ नाहीये. चुकलं तर परत म्हणावं लागतं."

फ्राऊ केसलरनी ठोकळे गोळा केले. "निर्णय पुढच्या आठवड्यात कळवते," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर मी दीपाला सुयशकडे दिलं आणि वर गेले. दोरोथेआला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती घाबरेल, निदान चिडेल. चिडली, पण भलत्याच गोष्टीवर.

"खेळ?" ती म्हणाली. "तू त्याला खेळ म्हणालीस?"

"तुम्हाला वाचवायला म्हणाले."

"मी तुला वाचवायला सांगितलं होतं का? मी स्वतः जाऊन कुणाला सांगत नाही, हे खरं. पण कुणी विचारलं तर मी खोटं बोलत नाही. टाबेआला मी काय सांगू? खालच्या मावशीने आपल्यासाठी खोटी साक्ष दिली म्हणून?"

"पण मुलं काढून नेतील गं ते सरकारी लोक!"

"मार्कुसला ऑस्ट्रियात काम मिळतंय. तिथे चालतं. जाऊ." तिने हात पुसले. "जायला लागलं तर जाऊ. पण आम्ही इथे खेळत होतो असं मागे ठेवून नाही जाणार."

मी खाली आले. दीपा पंचशील म्हणत होती. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला अर्थ येत नाही असं मला इतके दिवस वाटायचं.

सुयश म्हणाला, "आता परत शाळेत जाऊन काही बोलू नकोस. निकाल लागू दे आधी." त्याचं बरोबरच होतं. मीराबाईंना फोन केला.

"बोलली पोट्टी? बाईंच्या पुढ्यात बोलली?" त्या रडायलाच लागल्या. मग मी बाकीचं सांगितलं. पलीकडचं रडणं थांबलं.

"आई?"

"त्या बाईचं मला पटत नाही. अजिबात नाही. तिला माझ्यातर्फे सांग, पोरं शाळेत घाल. पण शिकवलं तिनं. मीही बाईच होते. माझ्या शिकवण्याले कुणी खेळ म्हटलं असतं तर मला कसं वाटलं असतं?"

दुसऱ्या दिवशी मी धाकट्याला बाबागाडीत घातलं, दीपाचा हात धरला आणि शाळेत गेले. सुयशला सांगितलं नाही.

फ्राऊ केसलर दारातच भेटल्या.

"काल मी चुकीचं बोलले," मी म्हणाले. जर्मन वाक्यं वाटेत तीनदा जुळवली होती, तरी अडखळले. "तो खेळ नव्हता. ती शाळा होती. माझी मुलगी तिथे बोलायला शिकली."

"हे तुम्ही मला का सांगताय?" त्यांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "आता मला कळवावं लागेल. काल मला काही नीट कळलं नाही, असं म्हणता आलं असतं."

"तिचं म्हणणं, कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही."

"आणि तुमचं?"

"माझी मुलगी तुमच्याकडे यावी. इथे, सगळ्यांबरोबर, याच बाकावर."

"मग ती बाई करते ते तुम्हाला चूक वाटतं."

"नाही."

"बरोबर वाटतं?"

"नाही. मला माहीत नाही."

फ्राऊ केसलरनी सुस्कारा सोडला. खाली वाकून दीपाला म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये भेटू. पहिलीच्या वर्गात. चालेल?"

"हो," दीपा म्हणाली. मग घाईघाईने, "टाबेआ पण येणार?"

फ्राऊ केसलरनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आत गेल्या, आणि दार लागायच्या आत मला त्यांनी फोन उचलल्याचं दिसलं.

परतताना मला खूप आनंद झाला होता आणि घराचा जिना चढू नये असंही वाटत होतं. कोपऱ्यावरच्या कागदाच्या दुकानात शूलट्यूटे मांडले होते. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांना खाऊने भरून देतात ते मोठे, रंगीत कागदी शंकू. दीपाने घोड्याचा उचलला. मी पैसे द्यायला वळले आणि टाबेआ आठवली. आठ वर्षांची, आणि हे तिला कुणी कधी दिलं नसणार. मी दुसरा घेतला. मग वाटलं, दोरोथेआला हा अपमान वाटेल, शाळेत घाल म्हणून टोमणा मारल्यासारखा. परत ठेवला. दीपाने तो पुन्हा आणून काउंटरवर ठेवला, टाबेआला जहाजं आवडतात म्हणून जहाजांचाच.

"जुळ्या का?" दुकानदारबाईंनी हसून विचारलं.

दीपा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "दुसरी वरच्या मजल्यावर राहते." कधीपर्यंत, ते मला माहीत नव्हतं.